लाख किलोमीटर धावलेलं लोखंड

मोटारीच्या इंजिनावर मी लिहितोय हे पाहून आमच्या घरातली मंडळी हसतील. हसू देत. इतिहास म्हणजे लढाया आणि तह, एवढंच मुलांना शिकवून मी निवृत्त झालो असलो तरी एखाद्या इंजिनालाही इतिहास असतो. त्यात घराणं असतं, फितुरी असते, निर्वाणीचे खलिते असतात आणि तहही असतात. सनावळी तर असतेच!

निमित्त आमच्या पुतण्याचं. त्याने एक जुनी गाडी घेतली आहे आणि तिच्या इंजिनाला टर्बो बसवायचा घाट घातला आहे. दोनदा इंजिन खोलून झालं, एकदा पिस्टन वितळला, हेड गॅसकेट किती वेळा उडालं ते त्याची बायकोच सांगू शकेल. त्याला धीर द्यायला म्हणून मी या विषयावर वाचू लागलो आणि मग वाचतच गेलो. त्यातली एक गोष्ट सांगतो. ती जर्मनीतली आहे, बीएमडब्ल्यूची.

आधी टर्बो म्हणजे काय ते माझ्यासारख्यांना कळेल असं सांगतो. इंजिनातून धूर बाहेर पडतो, तो गरम असतो आणि जोरात असतो. एरवी तो वाया जातो. त्या धुराच्या झोतात एक छोटं चक्र ठेवायचं. त्याच दांड्याला पलीकडे दुसरं चक्र जोडायचं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, आणि पेट्रोल जास्त म्हणजे ताकद जास्त. फुकटात मिळाल्यासारखं वाटतं, पण फुकट काही मिळत नाही. हवा दाबली की तापते. तापलेल्या हवेत पेट्रोल स्वतःच पेट घेतं. मिस्तरी लोक याला 'नॉकिंग' म्हणतात. आतून घणाचे घाव बसावेत तसं ते असतं. पिस्टनला भोकं पडतात, कधी अख्खं इंजिनच फुटतं. शिवाय पाय दाबला की ताकद लगेच येत नाही. चक्राने वेग घेईपर्यंत थांबावं लागतं, आणि मग सगळी ताकद एकदम येते.

आता घराणं. १९५९ साली बीएमडब्ल्यू कंपनी बुडायच्या बेतात होती, डाइम्लर-बेंझ तिला गिळणार असं जवळजवळ ठरलं होतं. त्या डिसेंबरातल्या भागधारकांच्या सभेत तो बेत उधळला गेला आणि कंपनी वाचली. वाचलेल्या कंपनीला मध्यमवर्गाला परवडेल अशी गाडी हवी होती. तिचं चार सिलिंडरचं इंजिन केलं अलेक्स फॉन फाल्केनहाउझेन यांनी. वरिष्ठांना लहान, १.३ लिटरचं इंजिन पुरेसं वाटत होतं. हे गृहस्थ दीड लिटरच्या खाली यायला तयार नव्हते, आणि पुढे आणखी मोठं करता येईल एवढी जागा त्यांनी ब्लॉकमध्ये ठेवली. घर बांधताना वरच्या मजल्याचा विचार करून पाया भरावा, तसं. ही '१५००' गाडी १९६१ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात दिसली. इंजिनाची ताकद होती ८० अश्वशक्ती. ब्लॉक साधा, ओतीव लोखंडाचा. हा ८० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६९ साली बीएमडब्ल्यूने याच घराण्यातल्या २००२ गाडीला टर्बो लावून युरोपातल्या शर्यतींत उतरवलं. १९७३ मध्ये '२००२ टर्बो' ही रस्त्यावरची गाडी काढली. तिच्या पुढच्या बाजूला 'टर्बो' ही अक्षरं उलटी लिहिली होती, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलटी दिसावीत आणि त्याने बाजूला व्हावं! नेमकं त्याच वेळी तेलाचं संकट कोसळलं. असल्या पेट्रोलपिऊ गाडीला कोण विचारतो? १६७२ गाड्यांवर ते प्रकरण आटोपलं. दुसऱ्या बाजूला त्याच ब्लॉकवरचं, पण टर्बो नसलेलं दोन लिटरचं इंजिन फॉर्म्युला टूच्या शर्यती जिंकत होतं. त्यामागचा माणूस पॉल रोशे. म्युनिकचाच, १९३४ चा जन्म. कॅमशाफ्टच्या कामातला त्याचा हात एवढा बसलेला, की लोक त्याला 'नोकेन-पाउल' म्हणजे 'कॅमवाला पॉल' म्हणत. आपल्याकडे नाही का, हार्मोनियमवाले, बाजावाले अशी नावं पडत!

फॉर्म्युला वनमध्ये १९६६ पासून एक नियम होता. साधं इंजिन असेल तर तीन लिटर, हवा कोंबणारं असेल तर निम्मं म्हणजे दीड लिटर. अकरा वर्षं टर्बोचा विचार कुणी मनावर घेतला नाही. १९७७ मध्ये फ्रान्सच्या रेनॉ कंपनीने पहिल्यांदा टर्बो गाडी आणली. ती इतक्या वेळा धूर सोडत बंद पडे, की तिला 'पिवळी किटली' असं नाव पडलं. १९७९ मध्ये दिजाँला तीच किटली जिंकली आणि हसणारे गप्प झाले.

आता बीएमडब्ल्यूलाही उतरायचं होतं. पण आधी घरातच भाऊबंदकी झाली. शर्यत विभागाचे प्रमुख योखेन नेर्पाश १९८० मध्ये ताल्बो या दुसऱ्या कंपनीकडे निघाले, आणि हे इंजिनही तिकडेच जावं अशी बोलणी चालली होती. रोशे आणि नेर्पाश यांच्या जागी आलेले डीटर श्टापेर्ट हटून बसले, की इंजिन आपलं आहे, ते आपल्याच नावाने धावेल. संचालकांनी त्यांचं ऐकलं. एप्रिल १९८० मध्ये घोषणा झाली आणि इंजिन द्यायचं ठरलं बर्नी एकलस्टन यांच्या ब्रॅबम संघाला. ड्रायव्हर होता ब्राझीलचा नेल्सन पिके.

दुसरा निर्णय मला फार आवडतो. रेनॉ आणि फेरारी यांची इंजिनं सहा सिलिंडरची. रोशेने नवं काही न काढता घरातलाच चार सिलिंडरचा लोखंडी ब्लॉक घेतला. लोखंड जड असतं, शर्यतीच्या गाडीत एकेक किलोसाठी जीव टाकतात. तरी लोखंडच. आणि त्यातही कारखान्यातून नुकते निघालेले ब्लॉक पसंत नव्हते. गिऱ्हाइकांच्या गाड्यांत लाखभर किलोमीटर धावलेले जुने ब्लॉक ते शोधून आणत. ते उघड्यावर, ऊनपावसात ठेवले जात आणि कामगार त्यांच्यावर लघवीही करत, अशी एक चावट कथा सगळीकडे सांगितली जाते. ती कथा म्हणूनच घ्यावी. पण मुरलेल्या ब्लॉकची गोष्ट खरी आहे.

यामागचं कारण मला कुठल्या पुस्तकाच्या आधी आमच्या मेव्हण्यांकडून कळलं होतं. ते कोल्हापूरला उद्यमनगरात फाउंड्रीत होते. ओतीव लोखंड साच्यात थंड होताना सगळीकडे सारखं थंड होत नाही. पातळ भाग आधी, जाड भाग मागून. त्यामुळे आत ताण राहून जातात. लगेच मशीनवर घेतलं तर पुढे ते वाकतं, कधी चिरतं. म्हणून पूर्वी मोठी कास्टिंगं आवारात नुसती पडू द्यायचे, महिनोन्‌महिने. गाडीत तापणं आणि निवणं हजारो वेळा होतं, तेव्हा हे ताण आपोआप सुटतात. नवा ब्लॉक चमकतो खरा, पण तो पुढे काय करेल याचा भरवसा नसतो. जुना एकदा जे काय वाकायचं ते वाकून घेतो आणि मग वाकत नाही. (आमच्या पिढीबद्दल कुणी असं चांगलं बोलेल का, असा विचार मनात आला. असो.)

ब्लॉक टिकला, पण बाकीचं फुटत होतं. चाचण्यांमध्ये इंजिनामागून इंजिन जात होतं. पेट्रोल किती आणि ठिणगी केव्हा हे ठरवायला बॉशची डिजिटल यंत्रणा बसवली होती. शर्यतीच्या गाडीत हे तेव्हा अगदी नवखं होतं, ते सुरळीत करण्यात दिवस जात होते. २३ जानेवारी १९८२ ला दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला पिके दुसऱ्या क्रमांकावरून सुटला. सुरुवातच बिघडली आणि काही फेऱ्यांतच तो रस्त्याबाहेर गेला.

एकलस्टन हा व्यापारी गडी. त्यांनी पुढच्या शर्यतींना गाड्यांत सरळ जुनं कॉसवर्थ इंजिन बसवलं. म्युनिकचे लोक खवळले. निर्वाणीचा इशारा गेला, आमचं इंजिन लावा नाहीतर करार मोडला समजा. मला इथे दोघांचंही पटतं. जिंकायचं तर विश्वासाचं इंजिन हवं, पण नवं इंजिन शर्यतीत धावल्याशिवाय विश्वासाचं होणार कसं? पोहायला आल्याशिवाय विहिरीत उतरू नको म्हणण्यासारखं आहे ते.

मग तह झाला. मे महिन्यात बेल्जियमला झोल्डरमध्ये बीएमडब्ल्यूचं इंजिन परतलं, पिके पाचवा आला, पहिले गुण मिळाले. आदल्याच दिवशी, ८ मे ला, सरावात झील व्हिलनव्ह गेला होता. ६ जूनला डेट्रॉइटला तर कमालच झाली. सरावाच्या पहिल्या सत्रात इंजिनाने दगा दिला, दुसऱ्या सत्रात पाऊस, आणि आदल्या वर्षीचा जगज्जेता पिके शर्यतीला पात्रच ठरला नाही! एवढ्या मोठ्या कंपनीची अशी शोभा झाली.

आणि बरोबर एक आठवड्याने, १३ जून १९८२ ला मॉन्ट्रियलला तोच पिके, तेच इंजिन, पहिला नंबर. दुसरा आला त्याचा जोडीदार पात्रेसे, ब्रॅबमच्याच पण कॉसवर्थ बसवलेल्या गाडीत. म्हणजे भांडणातल्या दोन्ही बाजू एकामागोमाग एक! दिवस थंड होता, आणि थंड हवा टर्बोला मानवते.

पण या विजयाची सनावळी लिहिताना माझा हात अडखळतो. त्याच शर्यतीच्या सुरुवातीला पुढची एक गाडी जागीच बंद पडली आणि मागून आलेला रिकार्दो पालेत्ती तिच्यावर आदळला. दोन दिवसांनी त्याला चोविसावं लागणार होतं. त्याची आई प्रेक्षकांत बसलेली होती. त्या ट्रॅकला नुकतंच व्हिलनव्हचं नाव दिलेलं होतं. गाड्या पुन्हा लावल्या, शर्यत झाली, बीएमडब्ल्यूचा पहिला विजय नोंदला गेला. कंपनीच्या गौरवाच्या लेखांत बहुधा शेवटचं वाक्यच तेवढं असतं. वर्गात मी पानिपत शिकवताना मेलेल्यांचा आकडा सांगून पुढे जात असे, आकडा मोठा असला की पुढे जाता येतं. एकाच मुलाच्या बाबतीत ते जमत नाही.

१९८३ ला गाडीच्या तळाचे नियम बदलले, तेही ऐन वेळी. गॉर्डन मरे यांनी तयार होत आलेला आराखडा फेकून दिला आणि जेमतेम तीन महिन्यांत बाणासारखी निमुळती नवी गाडी उभी केली. ब्राझीलची पहिलीच शर्यत पिकेने जिंकली. मग रेनॉचा अलाँ प्रोस्ट पुढे सरकत गेला. ऑगस्टमध्ये, तीन-चार शर्यती उरल्या असताना, प्रोस्टकडे ५१ गुण आणि पिकेकडे ३७.

अडचण पुन्हा तीच होती, नॉकिंग. हवेचा दाब वाढवला की पेट्रोल आधीच पेटतं. रोशेने इंजिन आणखी उघडण्याऐवजी पेट्रोलकडे पाहिलं. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी टोल्युइनचं प्रमाण भरपूर असलेलं इंधन तयार करून दिलं. ते दाबाखाली लवकर पेटत नाही, त्यामुळे दाब वाढवता आला. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या इंधनाचं जुनं सूत्र त्यांनी शोधून काढलं, असंही सांगतात. पण गोष्ट जितकी रंगतदार, तितकी मी ती लांबून पाहतो. इंजिन बदलून जे जमलं नाही ते त्याचं खाणं बदलून जमलं, एवढं खरं.

पिकेने मोंझा जिंकली, ब्रँड्स हॅच जिंकली. १५ ऑक्टोबरला शेवटची शर्यत पुन्हा क्यालामीला. प्रोस्टचा टर्बो निकामी झाला, तो गाडीतून उतरला. पिकेने मग गाडी जपून चालवली, तिसरा आला. ५९ विरुद्ध ५७. टर्बो गाडीने जगज्जेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ, आणि टर्बो आणणारे रेनॉवाले दोन गुणांनी मागे राहिले. इंधन नियमात बसत होतं का, यावर बरीच कुजबूज झाली, पण रेनॉने रीतसर तक्रार केली नाही. १९८२ च्या क्यालामीपासून १९८३ च्या क्यालामीपर्यंत दिवस मोजले तर भरतात ६३०. मी कॅलेंडर घेऊन मोजले.

पुढचं थोडक्यात. १९८४ मध्ये पिके डेट्रॉइटला जिंकला, हो, त्याच डेट्रॉइटला. १९८६ मध्ये मरे यांनी गाडी बुटकी करण्यासाठी इंजिन जवळजवळ आडवं निजवलं. आडव्या इंजिनातून तेल नीट परत येईना आणि तो प्रयोग फसला. त्याच वर्षी पात्रतेच्या फेऱ्यांसाठी दाब इतका वाढवत, की इंजिन काही फेऱ्यांपुरतंच जगे. किती ताकद होती? कारखान्यातलं मोजायचं यंत्र १२८० अश्वशक्तीपर्यंतच मोजू शकत होतं, आणि इंजिन त्याच्या पलीकडे जात होतं. ८० चा आकडा लक्षात ठेवा म्हटलं होतं, तो यासाठी. ऑक्टोबर १९८६ मध्ये मेक्सिकोला बेनेटन संघाकडून गेरहार्ड बर्गर जिंकला, तो या इंजिनाचा नववा आणि शेवटचा विजय.

बीएमडब्ल्यूने मग हात काढून घेतला. उरलेली इंजिनं 'मेगाट्रॉन' या दुसऱ्याच नावाने १९८८ पर्यंत धावली आणि १९८९ पासून नियमाने टर्बो बंद झाला, तो पुन्हा यायला २०१४ उजाडलं. फाल्केनहाउझेन १९८९ मध्ये गेले, रोशे २०१६ मध्ये. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी त्या ८० अश्वशक्तीच्या इंजिनाच्या घराण्यातली इंजिनं कारखान्यात बनत होती, ती बनवणंही १९८८ मध्येच थांबलं.