संविधानातली ‘उसनवारी’ : कोणत्या देशाकडून काय घेतलं?

‘भारताचं संविधान म्हणजे इकडून-तिकडून केलेली कॉपी’, असं आपण अनेकदा ऐकतो. हा आरोप संविधान सभेतही झाला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला उत्तर दिलं. त्याचा आशय असा, की दुसऱ्यांकडून घेण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. राज्यघटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाची मालकी नसते.

कुठून काय आलं, ते थोडक्यात पाहू :

• ब्रिटन – संसदीय शासनपद्धती
• अमेरिका – मूलभूत हक्क, न्यायालयीन पुनर्विलोकन
• आयर्लंड – राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे
• कॅनडा – प्रबळ केंद्र असलेलं संघराज्य
• ऑस्ट्रेलिया – समवर्ती सूची
• १९३५ चा भारत सरकार कायदा – प्रशासनाचा बराचसा तपशील

पण यादी पाठ करून विषय संपत नाही. ब्रिटनकडून संसद घेतली, राजा नाही घेतला. आपला राष्ट्रपती निवडून येतो.

घेताना शब्दांची निवड किती महत्त्वाची असते, हे कलम २१ वरून कळतं. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या या कलमात आधी अमेरिकेच्या धर्तीवर ‘योग्य कायदेशीर प्रक्रिया’ अशा अर्थाचे शब्द होते. मसुदा समितीने ते बदलून जपानच्या राज्यघटनेसारखे ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ हे शब्द घेतले. म्हणजे कायदा केला की झालं, तो न्याय्य आहे का हे कोण विचारणार? सभेत यावर जोरदार टीका झाली. त्यानंतर आलेल्या तरतुदींतून आजचं कलम २२ तयार झालं : अटकेचं कारण सांगणं, वकिलाचा सल्ला घेऊ देणं आणि प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणं. प्रतिबंधक स्थानबद्धतेला मात्र यातून वगळलेलं आहे. पुढे १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवीच असली पाहिजे.

उर्दूत आपण संविधानाला दस्तूर किंवा आईन म्हणतो. मुलांना परीक्षेसाठी देशांची यादी जरूर पाठ करून घेऊया. त्याचबरोबर कलम २१ आणि २२ घरात एकदा मोठ्याने वाचूया. कल्पना कुठूनही आलेली असो, हक्क आपला आहे. तो माहीत असेल तरच मागता येतो.