मज्जेतील मेदाच्या मोजणीची कुळकथा

सुई न टोचता अस्थिमज्जेतील मेदाचे प्रमाण सांगणाऱ्या चुंबकीय अनुनाद पद्धतीची वंशावळ बहुधा थॉमस डिक्सन यांच्या १९८४च्या निबंधापासून मांडली जाते. तिचे खरे मूळ मात्र १९५१ मध्ये स्टॅनफर्ड येथे अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी नोंदवलेल्या इथेनॉलच्या आलेखात आहे. यांपैकी एस. एस. धर्मट्टी यांनीच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येचा पाया घातला.

इथेनॉलच्या रेणूतील हायड्रोजनचे सहा अणू तीन प्रकारच्या शेजारात राहतात. भोवतालचे इलेक्ट्रॉन बाहेरील चुंबकक्षेत्र कमीअधिक अडवत असल्याने त्यांची केंद्रके किंचित भिन्न वारंवारितेला प्रतिसाद देतात. यालाच रासायनिक विस्थापन म्हणतात. आलेखात तीन शिखरे उमटली, त्यांची क्षेत्रफळे अणुसंख्येप्रमाणे १:२:३ भरली, आणि शिखराचे क्षेत्रफळ पाहून अणूंची मोजदाद करता येते हे सिद्ध झाले.

प्रॉक्टर आणि यू यांनी १९५० मध्येच अमोनियम नायट्रेटमधील नायट्रोजनचे दोन संकेत वेगळे दाखवले होते, म्हणून अग्रमान त्यांना द्यावा, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्या क्षारात दोन्ही प्रकारचे नायट्रोजन समसमान असतात. विषम प्रमाण मोजण्याची कल्पना, तीही शरीरात विपुल असलेल्या हायड्रोजनच्या आधारे, इथेनॉलच्या आलेखातच प्रकट होते.

मज्जेत नेमके हेच घडते. पाण्याच्या तुलनेत मेदाची मुख्य वारंवारिता दशलक्षांश सुमारे ३.५ भागांनी कमी असते, म्हणजे १.५ टेस्लाच्या यंत्रात सुमारे २२० हर्ट्झने. त्यामुळे साधारण २.३ मिलिसेकंदांनी दोन्ही संकेत परस्परविरोधी होतात आणि ४.६ मिलिसेकंदांनी पुन्हा जुळतात. या दोन नोंदींची बेरीज-वजाबाकी करून डिक्सन यांनी पाणी व मेद यांची चित्रे वेगळी काढली. लाल मज्जेत मेद सुमारे ४० टक्के, तर पिवळ्या मज्जेत ८० टक्के असतो. अर्बुदाच्या पेशी मेदाची जागा घेऊ लागल्या की विरोधी नोंदीतील संकेताची अपेक्षित घट होत नाही.

दमादियन यांचे १९७१चे, अर्बुदांच्या शिथिलन-काळावरील काम हे या घराण्याचे मूळ मानणारा पक्ष येथे अपुरा पडतो, कारण शिथिलन-काळ ऊतींमधील भेद दाखवतो, पण मेदाचा हिस्सा थेट मोजत नाही.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही १९५१ मध्येच जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातील अनुनाद अभ्यासला. संपृक्त केंद्रके वाहून जाऊन ताजी येत राहिल्याने संकेत वाढतो, हे त्यांनी दाखवले. रक्तवाहिन्यांच्या चित्रणाची ती जननी ठरते, मज्जेतील मेदमापनाशी मात्र तिचे नाते चुलत घराण्याचेच आहे.