‘काळी’ आणि ‘पांढरी’ : साक्री परिसराच्या निमित्ताने एक शब्दविचार

मराठेकालीन कागदपत्रांत ‘काळी’ हा शब्द आला की नवा अभ्यासक तो सहजच मातीचा रंग सांगणारा समजतो आणि तेथेच अर्थाचा घोटाळा होतो. साक्री तालुक्याचा प्रदेश या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. पांझरा व कान या नद्यांच्या काठी येथे बेसाल्ट खडकापासून झालेली कसदार काळी जमीन आढळते. पश्चिमेस सह्याद्रीकडे जावे तसतशी ती विरळ होऊन मुरमाड, बरड व तांबूस जमीन लागते. तथापि गावाच्या परिभाषेत वहितीची जमीन ती ‘काळी’ आणि घरे, वाडे, गावठाण यांची जागा ती ‘पांढरी’. शेताची माती तांबूस असली म्हणून ते ‘काळी’तून वगळले जात नाही. रंगवाचक विशेषणाचे येथे हक्कवाचक नाम झाले आहे.

हे अर्थांतर कसे झाले असावे? संस्कृतात ‘काल’ या शब्दाला रंगाचा अर्थ प्रारंभापासून प्रधान नव्हता. ऋग्वेदात तो दहाव्या मंडलात एकदाच, तोही वेळेच्या अर्थाने येतो. काळ्या रंगासाठी तेथे ‘कृष्ण’ हा शब्द आहे. पाणिनीच्या वेळेपर्यंत रंगाचा अर्थ रूढ झालेला दिसतो. कारण वर्ण अभिप्रेत असेल तर ‘काली’, एरवी ‘काला’, असा भेद त्याने सूत्रात नोंदविला आहे. ‘कृष्ण’ शब्दाचे प्राकृत रूप ‘कण्ह’ हे स्थलनामांत टिकले. मुंबईजवळील कान्हेरी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. खानदेश या नावाचाही ‘कान्हदेश’ असा उलगडा काहींनी केला आहे. परंतु फारुकी राजांच्या ‘खान’ या पदवीशी असलेला त्याचा संबंध अधिक सरळ वाटतो. मराठीत ‘काळ’ व ‘काळा’ यांचे अर्थ एकमेकांत मिसळून मृत्यू, दुष्काळ आणि अशुभ यांची छाया या रंगावर पडली. तरीही मंगळसूत्राची काळी पोत आणि संक्रांतीची काळी चंद्रकळा शुभच मानली जाते. ‘काळीज’ शब्दातही अशुभाचा लेश नाही. यकृताला संस्कृतात ‘कालखंड’ म्हणत, त्याच कुळातला तो आहे. ‘काळी आई’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याच्या मनातही अमंगळ काही नसते. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो, म्हणून साक्रीकडे हीच ‘काळी’ ‘कायी’ होते.

‘पांढरी’चा उगम मात्र मातीतच शोधावा लागतो. एकाच जागी शतकानुशतके वस्ती राहिली की चुलीची राख, शेण, हाडे, चुना आणि पडलेल्या भिंतींची माती साचून फिकट रंगाचा उंचवटा तयार होतो. त्या रंगावरून वस्तीला नाव मिळाले आणि पुढे वस्तीवरून गावच्या समाजाला. जुन्या निवाड्यांत गावकीचा निर्देश ‘समस्त पांढरी’ असा होतो, तेव्हा तेथे माती नव्हे, माणसे अभिप्रेत असतात. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाच्या वाचकांना ही परिभाषा परिचित आहे.

पुरातत्त्वज्ञांनी या लोकशब्दाचा चांगला उपयोग करून घेतला. ‘गावाची जुनी पांढरी कोठे?’ एवढ्या प्रश्नाने अनेकदा प्राचीन वसतिस्थान सापडते. तापीकाठच्या प्रकाशे येथे बा. कृ. थापर यांनी १९५५ साली केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनचे थर एकावर एक मिळाले. उलट साक्री तालुक्यातील कवठे येथे डेक्कन कॉलेजतर्फे १९८०नंतरच्या दशकात उत्खनन झाले, ते सावळदा संस्कृतीच्या अल्पकालीन वस्तीचे. तेथील थर पातळ आहे. म्हणजे उंच पांढरी नसली तरी वस्ती असू शकते. (सावळदा हे गावाचे नाव आहे, त्यावरून ‘सावळा’ रंगाकडे जाण्याचा मोह आवरलेला बरा.)

याची दुसरी बाजू अधिक अडचणीची आहे. राख व हाडे यांमुळे पांढरीची माती पिकाला मानवते, म्हणून शेतकरी ती खणून गाड्यांनी शेतात नेऊन टाकीत आले आहेत. अशा रीतीने दख्खनमधील अनेक पांढरींचे वरचे थर नाहीसे झाले. मातीबरोबर खापरेही काळीत पसरली. त्यामुळे नांगरटीत चार खापरे मिळाली एवढ्यावरून त्या शेतात वस्ती होती असे लिहिणे धोक्याचे आहे. ती खापरे तेथलीच आहेत की पांढरीवरून खताबरोबर आली, हे प्रथम गावातील वृद्ध शेतकऱ्याला विचारावे आणि मग खंदक आखावा.