पत्ते, चकत्या आणि भीती : वेस्टर्न भयखेळाची घडण

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये एक जण सूत्रधार होतो आणि बाकीचे एकेका पात्राचे बोलणे-वागणे आपल्याकडे घेतात. अमेरिकन ‘वेस्टर्न’ आणि भयकथा यांचा मेळ घालणारा या खेळांतला प्रकार आज चांगला रुळला आहे. बंदूक, घोडा आणि भूत एका टेबलावर नीट नांदायला मात्र वीसेक वर्षे जावी लागली. त्या काळात नियम बदलत गेले, पण खरी घडण झाली ती सूत्रधाराच्या कसबाची.

कथेचा कच्चा माल इतिहासातच होता. १८४६ च्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियाकडे निघालेला डॉनर तांडा सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकला. ८७ जणांपैकी निम्म्याहून थोडेच अधिक वाचले, आणि त्यांतल्या अनेकांनी मेलेल्यांचे मांस खाऊन जीव तगवला होता. डिसेंबर १८९० मध्ये वूंडेड नी येथे अमेरिकन लष्कराने लाकोटा या मूळनिवासी जमातीतल्या स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल केली. अशा भूमीत भूतकथा बाहेरून आणावी लागत नाही. टेक्ससमधल्या क्रॉस प्लेन्स गावी राहणाऱ्या रॉबर्ट ई. हॉवर्ड याने १९३२ मध्ये ‘वियर्ड टेल्स’ मासिकात ‘द हॉरर फ्रॉम द माउंड’ ही कथा लिहिली. सोन्याच्या आशेने जुना ढिगारा उकरणाऱ्या माणसापुढे स्पॅनिश काळात गाडलेला रक्तपिपासू उभा राहतो, असे तिचे कथानक आहे. गाडलेला गुन्हा लोभापायी वर येतो, हे सूत्र पुढच्या बहुतेक वेस्टर्न भयकथांत सापडते.

खेळांच्या जगात पश्चिम आली ती भुतांवाचून. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी टीएसआर कंपनीने ‘बूट हिल’ काढला. त्याचा सगळा भर गोळीबारावर होता. एका गोळीत पात्र मरू शके, त्यामुळे पिस्तूल काढण्याचा क्षण थरारक होई. पण त्या क्षणाआधी आणि नंतर काय घडावे याबद्दल नियमांना फारसे सांगायचे नव्हते. भीतीचे गणित १९८१ मध्ये सँडी पीटरसनने ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये मांडले. त्यात पात्राचे मनःस्वास्थ्य आकड्यांत मोजले जाते आणि भयंकर काही पाहिले की ते घटते. बळकट पात्रही ढासळू शकते, हे खेळाडूंच्या अंगवळणी पडले ते या खेळामुळे.

हे दोन धागे १९९६ मध्ये शेन लेसी हेन्सलीच्या ‘डेडलँड्स’ने एकत्र गुंफले. त्यातला इतिहास ३ जुलै १८६३ रोजी, गेटिसबर्गच्या लढाईत फुटतो. त्या दिवसापासून दुष्ट शक्ती जगात परततात आणि अमेरिकन यादवी युद्ध संपतच नाही. १८६८ च्या भूकंपात कॅलिफोर्नियाचा किनारा कोसळून समुद्रात कड्यांचा चक्रव्यूह उरतो. तिथे कोळशापेक्षा प्रखर जळणारा आणि जळताना किंचाळणारा एक दगड सापडतो, आणि त्यासाठी सगळे एकमेकांच्या जिवावर उठतात. याच किनाऱ्यावरचे ‘सिटी ऑफ लॉस्ट एंजल्स’ हे या खेळातले सर्वांत ताकदीचे ठिकाण म्हणावे लागेल. भुकेल्या शहरात रेव्हरंड ग्राइम दर रविवारी फुकट मेजवानी देतो आणि ताटात माणसाचे मांस असते. डॉनर तांड्याची आठवण असणाऱ्या वाचकाला इथे राक्षसाची गरज भासत नाही.

हेन्सलीची दुसरी करामत साधनांत होती. लढाईत कोणी आधी वार करायचा हे पत्त्यांवर ठरते. सूत्रधार, म्हणजे इथला ‘मार्शल’, एक्क्यापासून खाली पुकारत येतो आणि प्रत्येक जण हातातल्या पानाकडे पाहत थांबतो. जादू करणारा जुगारी पोकरचा डाव मांडतो, कारण कथेत तो खरोखरच एका पिशाच्चाशी डाव खेळत असतो. खेळाडूंना मिळणाऱ्या पोकरच्या पांढऱ्या, लाल आणि निळ्या चकत्या खर्चून जीव वाचवता येतो. पण उरलेल्या चकत्यांवरच पात्राची प्रगती होत असल्याने प्रत्येक चकती टाकताना हात आखडतो. सलूनमधले वातावरण वर्णनाने उभे करण्यापेक्षा हे कितीतरी परिणामकारक ठरले.

त्याहून मोलाचा नियम भयपातळीचा. प्रत्येक प्रदेशाची भीती ० ते ६ अशी मोजलेली असते. ती वाढली की जमीनसुद्धा भेसूर होत जाते. राक्षस मारल्यावर काम संपत नाही. पात्रांनी गावकऱ्यांना जमवून घडलेली हकीकत रंगवून सांगावी लागते, तेव्हाच पातळी उतरते. शेवटचा प्रसंग असा खेळाडूंच्या तोंडी येतो. साहस लक्षात राहण्याची इतकी साधी आणि पक्की सोय दुसऱ्या खेळांत क्वचितच दिसते.

२००४ मध्ये डी. व्हिन्सेंट बेकरच्या ‘डॉग्ज इन द व्हिनयार्ड’ या वेस्टर्न खेळाने सूत्रधाराच्या तयारीची रीत पालटली. सूत्रधार कथानक लिहीत नाही, गाव रचतो : आधी कोणाचा तरी गर्व, त्यातून अन्याय, मग पाप, खोटी शिकवण आणि शेवटी द्वेष व खून. खेळाडू धर्मरक्षक तरुण म्हणून गावात येतात आणि निवाडा त्यांचाच असतो. तंटा बोलण्यातून सुरू होऊन हातघाईवर आणि मग बंदुकीवर जातो, आणि प्रत्येक पायरी चढायची की नाही हे खेळाडूच ठरवतो. पुढे बेकरने स्वतःच हा खेळ विक्रीतून काढून घेतला, पण गाव रचण्याची त्याची पद्धत टिकून राहिली.

इतिहासाशी खेळण्याची किंमतही मोजावी लागली. मूळ ‘डेडलँड्स’मध्ये दक्षिणेतले कॉन्फेडरेट राज्य टिकून होते आणि त्याने गुलामी सोडून दिल्याचे दाखवले होते. गुलामगिरीची जखम अशी पुसून टाकण्यावर योग्य टीका झाली. २०२० च्या नव्या आवृत्तीसाठी हेन्सलीने ते राज्य नकाशावरूनच काढले. दरम्यान टेबलावरचे शिष्टाचारही बदलले होते. कोणते विषय खेळात नकोत आणि कोणते पडद्याआड ठेवायचे हे आधी ठरवण्याची रॉन एडवर्ड्सची रीत, आणि जॉन स्टॅव्रोपोलोसचे ‘एक्स’ अक्षराचे कार्ड, ही दोन्ही आता अनेक गटांत वापरली जातात. कार्डाला बोट लावले की चालू प्रसंग तिथेच सोडून खेळ पुढे जातो आणि कारण विचारले जात नाही.