फिडल, गिटार आणि ध्वनिवर्धक



पनवेलहून गोव्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतें. वासुदेव बळवंत फडके यांचें हें जन्मगांव. गेल्या १७ फेब्रुवारीस, त्यांच्या पुण्यतिथीला, माझा एक जुना विद्यार्थी येथें प्रथम फिडल घेऊन बसला व मागाहून पेडलच्या गिटारवर. ही गिटार त्याच्या अमेरिकेंतील मावसभावानें धाडलेली. दोहोंना मिळून भाड्याचा एकच ध्वनिवर्धक होता. गिटार गोड लागली. फिडल मात्र पत्र्यावर खिळा ओढावा तसें ऐकूं आलें, आणि मध्येंच कर्ण्यानें अशी किंकाळी फोडली कीं पुढें बसलेल्या वृद्धांनीं कानांवर हात ठेविले. दुसऱ्या दिवशीं तो घरीं येऊन म्हणाला, "मास्तर, साठविलेल्या पैशांत एकच यंत्र येईल. कोणतें घेऊं? कीं फिडलच सोडून देऊं?"

मी इतिहास शिकविणारा माणूस. तेव्हां उत्तरही इतिहासांतच शोधूं लागलों.

वाद्याचा आवाज मोठा करण्याची खटपट विजेच्या आधींची आहे. ध्वनिमुद्रण जेव्हां कर्ण्यासमोर बसून करावें लागे, तेव्हां फिडलचा क्षीण स्वर नीट उमटत नसे. म्हणून लंडनच्या ऑगस्टस स्ट्रो यानें १८९९ सालीं फिडलचें लाकडी पोट काढून त्या जागीं पडदा व धातूचा कर्णा बसविला. दिसावयास मोठें विचित्र वाद्य! गिटारचीही हीच अडचण. तारांवर पोलादी कांडी सरकवून वाजविण्याची रीत हवाई बेटांतील जोसेफ केकुकू यानें रूढ केली; परंतु नृत्याच्या वाद्यवृंदांत तो स्वर बुडून जाई. १९२७ सालीं धातूच्या शंकूंची गिटार निघाली, आणि १९३२ त जॉर्ज बोशँप यानें कल्पिलेली विजेची गिटार विक्रीस आली. बाजारांत यशस्वी ठरलेली ही पहिली विजेची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची हवाईयन गिटारच होती. म्हणजे ध्वनिवर्धक हा गिटारच्या घरचा. फिडल तेथें पाहुणें. तारांचे स्वर पायानें बदलणारें पेडल पुढें १९५४ त बड आयझॅक्स याच्या वादनानें गाजलें.

आपल्याकडे गजाननबुवा जोशी बैठकींत फिडल वाजवीत, त्याला लांबची गर्दी गृहीत नसे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीनें मात्र दोन्ही वाद्यें एकत्र आणिलीं. लखनौचे व्हॅन शिप्ले (ते २००८ सालीं वारले) फिडल आणि विजेची हवाईयन गिटार दोन्ही सारख्याच अधिकारानें वाजवीत. पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांच्या अॅकॉर्डियनसह त्यांच्या तबकड्या घरोघरीं वाजल्या. तेव्हां एका माणसानें दोन्ही वाद्यें हाताळणें हें कांहीं वेड नव्हे, एवढें मीं त्या मुलास प्रथम सांगितलें.

आतां किंकाळीचें कारण. गिटारच्या पोलादी तारांखालीं लोहचुंबक व तारेचें वेटोळें असतें. अंग भरीव, म्हणून कर्ण्याचा नाद तिला सहसा बाधत नाहीं. वादक आवाजाचें पेडल अर्धेंच दाबून स्वर छेडतो आणि स्वर विरूं लागला कीं तें दाबीत जातो. यासाठीं यंत्रांत शक्ति शिल्लक हवी, नाहीं तर आवाज फाटतो. फिडलच्या घोडीपाशीं मात्र दाबानें वीज देणारा स्फटिक बसविलेला. त्याला सुमारें १० लक्ष ओहम किंवा अधिक रोधाचें प्रवेशद्वार लागतें. कमी रोधाशीं जोडला कीं खालचे स्वर गळतात आणि उरतो तो कर्कशपणा. शिवाय फिडलचें पोट पोकळ. त्या दिवशीं कर्णा वादकाच्या पाठीमागें ठेवलेला, त्याचाच नाद पोटांत शिरून पुन्हां यंत्रांत जात होता. दोष मुलाच्या हाताचा नव्हताच.

मागच्या महिन्यांत तो दोन्ही वाद्यें गाडींत घालून लॅमिंग्टन रोडला गेला. प्रथम फिडल वाजवून पाहा, असें मीं बजावलें होतें. गिटार बहुतेक यंत्रांत गोड लागतेच, तिच्यावरून परीक्षा होत नाहीं. दोन स्वतंत्र प्रवेशद्वारें, प्रत्येकाला खर्जाच्या व तारस्वराच्या वेगळ्या कळा, १२ इंची कर्णा, आणि फिडलपुरता एक छोटा पूर्ववर्धक, असा संच त्यानें आणिला. पैसे थोडे अधिक पडले; ती भर मीं घातली, त्याच्या आईला न सांगतां.

काल सायंकाळीं कर्णा पुढें ठेवून त्यानें ओटीवर भूप वाजविला. शेजाऱ्यांनीं दारें लावून घेतलीं नाहींत.