मॅरेथॉन सरावातील आहार आणि जलपान

मॅरेथॉन सरावातील आहार आणि जलपान या विषयात ४२.१९५ किलोमीटरच्या शर्यतीची पूर्वतयारी म्हणून केल्या जाणाऱ्या दीर्घ पल्ल्याच्या धावण्याआधी, धावताना व धावून झाल्यावर घ्यावयाची कर्बोदके, पाणी आणि क्षार यांचा विचार होतो. असा सराव बहुधा आठवड्यातून एकदा केला जातो आणि तयारीच्या शेवटच्या टप्प्यात त्याचे अंतर ३० किलोमीटरच्या आसपास जाते. शर्यतीच्या दिवशी काय व किती घ्यायचे, याची चाचणी याच धावण्यात घेता येते. पाणी कमी पडल्याने कामगिरी घटते, हे सर्वपरिचित आहे. परंतु अति पाणी पिणेही जिवावर बेतू शकते, हे त्या मानाने उशिरा लक्षात आले.

इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी धावताना पाणी पिणे हे दुबळेपणाचे लक्षण मानले जाई. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमधील मॅरेथॉन कडक उन्हात व धुळीच्या रस्त्यांवर झाली आणि मार्गात पाण्याची सोय अगदी मोजक्या ठिकाणी होती. ३२ धावपटूंपैकी १४ जणांनीच शर्यत पूर्ण केली. विजेत्या थॉमस हिक्स यांना त्यांच्या साहाय्यकांनी वाटेत अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी व स्ट्रिकनीन हे विष अल्प मात्रेत दिले होते.

शास्त्रीय अभ्यासाची सुरुवात बॉस्टनमध्ये झाली. १९२४ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर तेथील डॉक्टरांनी धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा गलितगात्र झालेल्यांच्या रक्तातील साखर बरीच खाली गेल्याचे आढळले. पुढील वर्षी काही धावपटूंना शर्यतीआधी कर्बोदकयुक्त आहार आणि धावताना गोळ्यांच्या रूपात साखर देण्यात आली. त्यांची स्थिती लक्षणीयरीत्या चांगली राहिली. हा निष्कर्ष इतका स्पष्ट असूनही पुढे कित्येक दशके तो प्रत्यक्षात फारसा उतरला नाही.

१९६६ मध्ये स्वीडनमधील योनास बेर्गस्ट्रॉम व एरिक हुल्टमन यांनी स्वतःवरच प्रयोग केला. दोघांनी एकाच स्थिर सायकलवर प्रत्येकी एका पायाने, तो पाय पूर्ण थकेपर्यंत, व्यायाम केला. नंतर तीन दिवस कर्बोदकयुक्त आहार घेऊन सुईने स्नायूंचे नमुने काढले. थकलेल्या पायातील ग्लायकोजेनचा साठा विश्रांती घेतलेल्या पायाच्या सुमारे दुप्पट झाला होता. शर्यतीपूर्वी कर्बोदकांचा साठा वाढवण्याची पद्धत या प्रयोगातून पुढे आली.

ऊर्जेचा साठा

शरीर कर्बोदके ग्लायकोजेनच्या रूपात साठवते. स्नायूंत साधारणतः ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. त्यातून ढोबळमानाने १,६०० ते २,४०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. एक किलोमीटर धावण्यासाठी शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे सुमारे एक किलोकॅलरी लागते. म्हणजे ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीला पूर्ण मॅरेथॉनसाठी सुमारे २,५०० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. यातील काही भाग चरबीतून येतो, पण वेग वाढेल तसा कर्बोदकांचा वाटा वाढत जातो. साठा संपत आला की पाय जड होतात, वेग एकाएकी घसरतो, मन खचते. बहुधा ३० किलोमीटरनंतर येणाऱ्या या अवस्थेला धावपटू ‘भिंतीला धडकणे’ म्हणतात.

दीर्घ सरावाच्या एक ते चार तास आधी प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे १ ते ४ ग्रॅम कर्बोदके घेण्याची शिफारस केली जाते. वेळ जितका कमी, तितके प्रमाण कमी ठेवतात. पहाटे चारला उठून पोहे किंवा उपमा खाणे अनेकांना जमत नाही. अशांनी आदल्या रात्री भात-पोळीचे जेवण पुरेसे घेऊन निघण्यापूर्वी एखादे केळे खाल्ले तरी बरेचसे काम भागते.

धावताना घ्यावयाचा आहार

एक ते अडीच तासांच्या धावण्यात दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरेशी ठरतात. त्याहून अधिक काळ धावणाऱ्यांना ९० ग्रॅमपर्यंत घेता येतात, मात्र त्यासाठी ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे मिश्रण लागते. आतड्याच्या भित्तिकेतून ग्लुकोज शोषणारी वाहक प्रथिने तासाला सुमारे ६० ग्रॅमच्या पुढे जाऊ शकत नाहीत. फ्रुक्टोजचा मार्ग वेगळा असल्याने दोन्ही मिळून अधिक साखर रक्तात पोहोचते.

बाजारातील जेलच्या एका पाकिटात साधारणतः २० ते २५ ग्रॅम कर्बोदके असतात. मध्यम आकाराच्या केळ्यातही जवळपास तितकीच. खजूर व गूळ हेही चांगले पर्याय आहेत. शेंगदाण्याची चिक्की पौष्टिक असली तरी तिच्यातील स्निग्धांशामुळे ती पोटात रेंगाळते, म्हणून ती धावल्यानंतर खाणे अधिक योग्य. धावताना पोटाचा रक्तपुरवठा घटत असल्याने मळमळ व जुलाब यांच्या तक्रारी सामान्य आहेत. वारंवारच्या सरावाने आतड्यांची शोषणक्षमता वाढते. नवा पदार्थ शर्यतीच्या दिवशी प्रथमच खाऊ नये, या संकेतामागे हेच कारण आहे.

पाणी आणि क्षार

घामाचे प्रमाण व्यक्तीनुसार व हवामानानुसार तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत बदलते. त्यातील सोडियमचे प्रमाणही सर्वांमध्ये सारखे नसते. त्यामुळे सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा सांगणे दिशाभूल करणारे ठरते. धावण्यापूर्वी व नंतर कमीत कमी कपड्यांत वजन करणे हा सोपा उपाय आहे. एक किलोग्रॅम घट म्हणजे सुमारे एक लिटर पाण्याची तूट. वाटेत प्यालेले पाणी त्यात मिळवले की घामाचा अंदाज मिळतो. वजनाच्या सुमारे दोन टक्क्यांपर्यंतची घट सहसा चालते. वजन वाढले असेल, तर मात्र ती धोक्याची सूचना समजावी.

पाण्यासोबत साखर व मीठ घेण्यामागे ठोस कारण आहे. आतड्यात सोडियम व ग्लुकोज एकत्र शोषले जातात आणि पाणी त्यांच्यामागे जाते. १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगाव येथील निर्वासित छावणीत पटकीच्या रुग्णांना दिलेल्या जलसंजीवनीचा आधारही हीच प्रक्रिया होती. तथापि, जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार जलसंजीवनीत लिटरमागे केवळ १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. दीर्घ धावण्याची ऊर्जेची गरज तिने भागत नाही. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, सुमारे दीड ग्रॅम मीठ व लिंबाचा रस घातल्यास साखर व सोडियम यांच्या दृष्टीने क्रीडापेयाच्या जवळ जाणारे सरबत घरीच तयार होते.

अतिजलपानाचा धोका

रक्तातील सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली गेल्यास त्याला अल्पसोडियमता म्हणतात. दीर्घ श्रमांत मूत्रविसर्जन रोखणारे संप्रेरक स्रवत राहते. अशा वेळी तहान नसताना पाणी पीत राहिल्यास ते शरीरातच साचते, रक्त पातळ होते आणि मेंदूला सूज येऊ शकते. दक्षिण आफ्रिकेतील टिमोथी नोक्स व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये अशा चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तरीही १९९६ मध्ये अमेरिकन क्रीडावैद्यक महाविद्यालयाने घामाची संपूर्ण भरपाई होईल इतके किंवा सोसवेल तितके पाणी पिण्याचा सल्ला दिला.

२००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांच्या एका धावपटूचा याच कारणाने मृत्यू झाला. त्याच शर्यतीतील ४८८ जणांच्या रक्ताच्या तपासणीत १३ टक्क्यांना अल्पसोडियमता आढळली. धावताना वजन वाढलेल्यांना व चार तासांहून अधिक वेळ घेणाऱ्यांना धोका जास्त होता. संथ धावणाऱ्या नवख्यांना प्रत्येक जलकेंद्रावर थांबून पिण्यास भरपूर वेळ मिळतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. २००७ मध्ये संबंधित संस्थेने आपला सल्ला बदलला.

डोकेदुखी, उलटी, गोंधळलेपणा ही लक्षणे निर्जलीकरणातही दिसू शकतात. त्यामुळे कोसळलेल्या धावपटूला घाईने आणखी पाणी पाजणे घातक ठरू शकते. गंभीर अवस्थेत ३ टक्के मिठाचे द्रावण शिरेवाटे देतात.

महाराष्ट्रातील परिस्थिती

मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली आणि ती सहसा जानेवारीत होते. त्यामुळे तिच्या तयारीतील दीर्घ सराव ऑक्टोबरच्या उकाड्यातून सुरू होतो. किनारपट्टीवरील दमट हवेत घाम येतो, पण वाळत नाही. शरीर थंड होत नाही आणि पाणी मात्र जात राहते. म्हणून मुंबईतील धावपटू पहाटेच निघतात. पुण्याच्या कोरड्या हवेत घाम लगेच वाळत असल्याने तो गेल्याचे जाणवत नाही. तेथे मोजलेले घामाचे प्रमाण मुंबईतील शर्यतीसाठी गृहीत धरू नये.