जालना परिसरातील महाविद्यालयीन प्रथम वर्ष : निवड आणि सल्ला यांचा इतिहास

मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचा इतिहास सामान्यतः संस्थांच्या स्थापनेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणते महाविद्यालय कोणत्या साली निघाले, त्यास संलग्नता कोणत्या विद्यापीठाची होती, इमारत कोणाच्या देणगीतून उभी राहिली, एवढे सांगितले की विषय संपला असे मानण्याचा प्रघात आहे. त्या संस्थेच्या दाराशी प्रथमच येऊन उभा राहिलेला विद्यार्थी कोणास विचारून तेथवर आला आणि आत गेल्यावर कोणता विषय घ्यावा हे त्यास कोणी सांगितले, याचा विचार त्यात क्वचितच येतो. प्रस्तुत निबंधात जालना परिसरापुरता हा विचार करावयाचा आहे. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वीचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात व परतूर तालुका परभणी जिल्ह्यात मोडत असे. तेव्हा त्या आधीच्या काळाविषयी बोलताना आजच्या जिल्ह्याची भूमी एवढाच अर्थ घ्यावा.

निजामी राजवटीत या भूमीतील विद्यार्थ्याला निवडीचा प्रश्न फारसा पडतच नसे. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. १९२३ साली औरंगाबादेस इंटरमिजिएट कॉलेज निघाले. मनमाड–सिकंदराबाद या लोहमार्गावरील जालन्याहून सुमारे साठ किलोमीटरवर असलेले हे कॉलेज म्हणजेच उच्च शिक्षणाचे सर्वांत जवळचे दार होते. तेथून पुढे हैदराबाद. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला परक्या माध्यमात शिकावयाचे आणि घराबाहेर राहावयाचे असल्यामुळे कोणता विषय घ्यावा यापेक्षा जावे की न जावे, हाच खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर शाळेतील एखादा शिक्षक, गावातील वकील किंवा आधी जाऊन आलेला नातलग देई. सल्ला देणे हे कोणत्याही संस्थेचे काम आहे, ही कल्पनाच तेव्हा नव्हती.

या काळातील एक प्रसंग मात्र आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. १९३८ च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या याच कॉलेजच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावरून विद्यार्थ्यांची चळवळ सुरू झाली व ती पाहता पाहता हैदराबादेपर्यंत पोचली. उस्मानिया विद्यापीठाने चळवळीतील विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले, कुलगुरू टी. जे. केदार यांनी त्यासाठी दाखविलेले औदार्य प्रसिद्ध आहे. राजकीय इतिहासात या घटनेची नोंद स्वातंत्र्यलढ्याचा एक टप्पा म्हणून होते, व ते योग्यच आहे. तथापि विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले असता, इंटरच्या वर्गातल्या कोवळ्या मुलांना वर्ष वाया न जाऊ देता परप्रांतीच्या विद्यापीठात प्रवेश कसा मिळवावा हे सांगणारे एक जाळे या निमित्ताने उभे राहिले, असेही दिसते. ज्येष्ठ विद्यार्थी आणि सार्वजनिक कार्यकर्ते हेच त्या जाळ्याचे धागे होते. अधिकृत मार्गदर्शनाचा अभाव असता मार्गदर्शन वसतिगृहाच्या खोल्यांतून चालते, याचे हे या प्रदेशातील पहिले ठळक उदाहरण होय.

दुसरे उदाहरण अधिक मोलाचे आहे. हैदराबाद संस्थान सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात सामील झाले आणि १९५० च्या जूनमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले. हेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. भोकरदन, अंबड, जाफराबाद या भागांतील दलित वस्त्यांतून येणाऱ्या मुलाच्या घरी पूर्वी कोणी महाविद्यालय पाहिलेले असणे जवळजवळ अशक्य होते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ पासून होती. पण शिष्यवृत्ती असणे आणि ती हाती पडणे यांत तहसील कचेरीतील दाखले, मुदतीचे अर्ज आणि पैसे येईपर्यंतचे महिने उभे असत. हे महिने कसे काढावेत, अर्ज कसा भरावा, इंग्रजीत कच्चे असल्यास कोणाकडे बसावे, हे शिकण्याची जागा वर्गखोली नव्हती, वसतिगृह होती. मिलिंदच्या वसतिगृहाला त्या परिसरात जे स्थान प्राप्त झाले त्याचे मर्म प्रस्तुत लेखकाच्या मते येथे आहे. दलित साहित्याच्या चळवळीतील अनेक लेखक याच परिसरातून पुढे आले, ही गोष्टही निव्वळ योगायोगाची नव्हे.

१९५८ हे वर्ष जालन्याच्या दृष्टीने निर्णायक ठरले. त्या वर्षी २३ ऑगस्ट रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले, आणि त्याच साली जालना एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय निघाले. त्याच्या कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांना जोडलेली बगडिया, लाखोटिया व बेझनजी ही नावे वाचताच या शहराच्या व्यापारी पेठेचा हात ध्यानात येतो. घर न सोडता पदवी घेणे आता शक्य झाले. विशेषतः मुलींच्या बाबतीत या सोयीचे महत्त्व कितीही सांगितले तरी थोडेच आहे.

पण या सोयीची एक दुसरी बाजू होती, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे. वसतिगृहातील विद्यार्थी चोवीस तास ज्येष्ठांच्या सहवासात असे. घरून ये-जा करणारा विद्यार्थी शेवटचा तास संपताच गाडी किंवा एस. टी. गाठी. बदनापूर आणि परतूर लोहमार्गावर होते. भोकरदन, जाफराबाद, अंबड, मंठा यांना केवळ सडक. त्यामुळे प्री-युनिव्हर्सिटीच्या वर्गात कला, वाणिज्य की विज्ञान हा निर्णय पुष्कळदा बसच्या वेळेवर आणि मित्राने काय घेतले यावर ठरला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. औरंगाबादेस वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली व अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० साली निघाले. त्यांचा मार्ग या पहिल्या वर्षातील विषयांवरून जात होता, हे ज्याला आधी कळले त्याचेच ते महाविद्यालय झाले.

कोठारी आयोगाने (१९६४–६६) नवागत विद्यार्थ्यांना महाविद्यालयीन जीवनाची ओळख करून देणे हे विद्यार्थी-सेवेचे अंग मानले आणि दर हजार विद्यार्थ्यांमागे निदान एक सल्लागार असावा अशी अपेक्षा व्यक्त केली. तिच्या पूर्ततेविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. याच आयोगाच्या आराखड्यानुसार महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची आणि १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाली, तेव्हा एक मूलभूत बदल घडला. शाखेची निवड महाविद्यालयाच्या प्रथम वर्षातून सुटून अकरावीत आली. म्हणजे जी निवड एके काळी औरंगाबादेस जाऊन करावी लागे, ती आधी जालन्यात आणि मग तालुक्याच्या गावी, पंधरा-सोळा वर्षांच्या वयात करावी लागू लागली. निवडीची जागा घराच्या जवळ येत गेली. विचारावयाचे माणूस मात्र तिच्याबरोबर आले नाही. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी अग्रभागी होते आणि रोजगार ही त्यांची एक प्रमुख मागणी होती, हे या संदर्भात आठवावे. चुकलेल्या निवडीची किंमत पदवीनंतर कळते.

२०२४–२५ पासून राज्यातील संलग्न महाविद्यालयांत नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाल्यावर मुख्य व गौण विषय, कौशल्य आणि श्रेयांक यांची निवड पुन्हा पदवीच्या पहिल्या वर्षात परतली आहे, आणि ती पूर्वीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीची आहे. खुद्द जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे आवार आहे. त्याच २०२४–२५ पासून आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफी मिळाली. परंतु ती केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलीला. मंठ्याच्या मुलीने ही प्रक्रिया टाळून दुसऱ्या मार्गाने प्रवेश घेतला तर सवलत गेली. हे तिला अर्जाची मुदत संपण्यापूर्वी सांगणारे माणूस आजही बहुधा तिच्या आधी शिकून गेलेली कोणीतरी ताईच असते.